रेशन खैरात नाही: बुलढाण्यातलं गरीब घर कर किती भरतं आणि त्याला परत काय मिळतं?

चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं. "टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकटचं रेशन यांनी खायचं." हे 'यांनी' म्हणजे कोण, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळतं. कधी तो शेतमजूर असतो, कधी झोपडपट्टीतला माणूस, कधी आपला समाज. त्याहून वाईट म्हणजे हे वाक्य आपल्याच लोकांना पटलेलं आहे. "आपण कुठं टॅक्स भरतो भाई, सरकार देतं तेवढं घ्यायचं," असं आपल्याच मोहल्ल्यात लोक बोलतात.

ज्याला आपण काही भरतच नाही असं वाटतं, तो प्रश्न विचारत नाही. रेशनच्या यादीतून नाव कापलं तरी गप्प बसतो. शाळेत मास्तर नाही, दवाखान्यात गोळ्या नाहीत, तरी "फुकटात एवढंच मिळणार" म्हणून परत येतो. म्हणून आज आम्ही हा हिशेब कागदावर मांडायचं ठरवलं आहे. आपल्या जिल्ह्यातलं एक साधं घर सरकारला किती देतं, त्याला परत किती मिळतं आणि या देण्याघेण्यात गरिबी व विषमता कमी होते की वाढते, ते पाहू.

महिन्याच्या खर्चातला कर

उदाहरणासाठी एक घर घेऊ. मेहकर तालुक्यातलं खेडं, नवरा-बायको आणि तीन मुलं. दोघंही शेतमजुरी करतात. सगळं धरून महिन्याची कमाई १२,००० रुपये, आणि ती सगळीच्या सगळी खर्च होते. आकडे आम्ही नमुन्यादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरचे आकडे घालून पाहावेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. सुटं धान्य, भाजी, सुटं दूध, अंडी, ताजं मटण यांवर कर नाही. तेल, साखर, चहा, मसाला, बिस्किटं यांवर ५ टक्के आहे. अंगाचा साबण, टूथपेस्ट आणि केसांचं तेल आधी १८ टक्क्यांत होतं, ते आता ५ टक्क्यांत आलं. बहुतेक औषधं ५ टक्के, २,५०० रुपयांपर्यंतचे कपडे आणि चपला ५ टक्के, घरगुती गॅस ५ टक्के. मोबाइलच्या रिचार्जवर मात्र १८ टक्के कायम आहे.

आता बेरीज करू. किराणा २,००० रुपयांचा, त्यात कर साधारण ९५ रुपये. साबण-पेस्ट ५०० रुपये, कर २४. दोन मोबाइलचे रिचार्ज ६०० रुपये, कर ९१. सिलिंडर ९०० रुपये, कर ४३. औषधं ६०० रुपये, कर २९. कपडे-चपला सरासरी १,००० रुपये, कर ४८. विजेचं बिल ७०० रुपये, त्यावर राज्याचं १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे ९० च्या आसपास.

सगळ्यात मोठा आकडा पेट्रोलचा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राचं विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १३ रुपये झालं. त्यावर राज्याचा व्हॅट टक्केवारीने, वर लिटरमागे ठराविक अधिभार. सगळं मिळून लिटरमागे ३० रुपयांच्या वर कर बसतो. जुन्या मोटारसायकलला महिन्याला ८ लिटर पेट्रोल लागलं तर २४० रुपये कर झाला.

एकूण झाले साधारण ६६० रुपये महिना. वर्षाला जवळपास ८ हजार. १२,००० च्या कमाईत हे साडेपाच टक्के होतात. भाजीच्या ट्रकमध्ये भरलेल्या डिझेलवरचा कर भाजीच्या भावात लपलेला असतो, तो आम्ही यात धरलेला नाही. म्हणजे ज्या घराला "तुम्ही टॅक्स भरत नाही" म्हणून हिणवलं जातं, ते घर दर महिन्याला कर भरत असतं. फक्त त्याला पावती मिळत नाही.

पगारदाराचा हिशेब

आता शहरातलं एक घर घेऊ. कमाई महिन्याला १ लाख. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. पगारदाराला तर प्रमाणित वजावटीमुळे पावणेतेरा लाखांपर्यंत सूट. म्हणजे या घराचा प्राप्तिकर शून्य. व्यवसाय कर वर्षाला २,५००. हे घर ५०,००० खर्च करतं आणि ५०,००० बाजूला टाकतं. त्यांच्या खरेदीत महागड्या वस्तू जास्त असतात, म्हणून खर्चातल्या कराचं प्रमाण मजुराच्या दीडपट धरू. मग त्यांचा कर ४,१२५ रुपये होतो.

रुपयांत पाहिलं तर हे घर मजुरापेक्षा सहापट कर देतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण कमाईच्या प्रमाणात पाहिलं तर व्यवसाय कर धरूनही ते साडेचार टक्क्यांच्या आत राहतात आणि मजूर साडेपाच टक्के देतो. कारण साधं आहे. जीएसटी खर्चावर लागतो, बचतीवर लागत नाही. ज्याची सगळी कमाई पोटाला जाते त्याच्या कमाईला कर जास्त चिकटतो. उरलेले ५०,००० रुपये जमिनीत, सोन्यात, शेअरमध्ये जातात आणि वाढत राहतात. दोन घरांमधली दरी तिथे रुंदावते.

याहून वरच्या उत्पन्नावर प्राप्तिकर आहे, २४ लाखांच्या वर ३० टक्क्यांचा टप्पा आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण वरच्या टोकाला गेल्या काही दशकांत सवलतीही मिळाल्या. वारसा मालमत्तेवरचा कर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याचा पर्याय दिला गेला. बापजाद्यांकडून मिळालेल्या कोट्यवधींच्या मालमत्तेवर आज वारसा कर नाही, आणि शेतमजुराच्या रिचार्जवर १८ टक्के आहे.

आपल्या वाचकांना हा फरक समजायला अवघड नाही. जकात आपण खर्चावर देत नाही. गरजा भागून निसाबच्या वर जे उरतं आणि वर्षभर टिकतं, त्यावर अडीच टक्के देतो. ज्याच्याकडे काही उरलंच नाही, तो घेणारा असतो. शेतीच्या उश्रमध्येही पावसावरच्या पिकाला दहावा हिस्सा आणि पाणी देऊन पिकवलेल्याला विसावा, कारण त्यात खर्च जास्त. देणाऱ्याची ताकद आणि त्याचा खर्च पाहून हिस्सा ठरवायचा, हा विचार त्यामागे आहे. देशाचा कायदा जकातीवर चालत नाही आणि चालावा असं आम्ही म्हणतही नाही. पण करव्यवस्था तपासायला हा प्रश्न चांगला आहे. आधी कोणाकडून घेता, उरलेल्यातून की भाकरीतून?

शेतकऱ्याच्या डोक्यावरचा न दिसणारा कर

बुलढाणा हा सोयाबीन आणि कापसाचा जिल्हा. "शेतीच्या उत्पन्नावर कर नाही" हे वाक्यही असंच अर्धवट आहे. रासायनिक खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के, डिझेलवर केंद्र आणि राज्य दोघांचा कर. व्यापारी आपल्या खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करून घेतो. शेतकऱ्याच्या मालावर जीएसटी नसल्यामुळे त्याला तो वजा करता येत नाही. औषधाच्या बाटलीवर दिलेले पैसे त्याच्या अंगावरच पडतात. ट्रॅक्टरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चांगलं झालं. पण दोन एकरवाला ट्रॅक्टर भाड्यानेच आणतो.

याहून मोठा फरक आयात शुल्काने पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केलं. ३० मे २०२५ ला ते १६.५ टक्क्यांवर आणलं. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकलं आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत चालली, म्हणजे नेमकी आपला कापूस बाजारात येतो त्याच दिवसांत. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला, पण खामगावच्या बाजारात कापूस आणणाऱ्याच्या भावावर त्याचं दडपण आलं. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाला. पण हमीभाव त्यालाच मिळतो ज्याचा माल सरकारी केंद्रावर घेतला जातो. बाकीच्यांना अडत्याच्या भावाने विकावं लागतं.

तेल स्वस्त झालं तर मजुराच्या घरात चार पैसे वाचतात, हेही खरं. आपल्या जिल्ह्यात अनेक घरं दोन एकर कसतात आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या शेतात राबतात. त्यांना तेलात वाचतं आणि सोयाबीनमध्ये जातं. जे वाचतं ते दर महिन्याला थोडंथोडं, जे जातं ते हंगामाला एकदम.

परत काय येतं?

आता मेहकरच्या त्याच घराची दुसरी बाजू. प्राधान्य कुटुंबाचं रेशन कार्ड असेल तर माणशी ५ किलो, पाच जणांचं २५ किलो धान्य. १ जानेवारी २०२३ पासून हे पूर्ण मोफत आहे. किलोला ३० रुपये भाव धरला तर ७५० रुपयांची बचत. घरच्या बाईला लाडकी बहीण योजनेचे १,५००. म्हणजे महिन्याला २,२५० रुपये आले आणि ६६० रुपये गेले. हातात राहिले १,५९०, वर्षाला साधारण १९ हजार.

हे नाकारण्यात अर्थ नाही. १२ हजारांच्या घरात वर्षाला १९ हजारांची भर म्हणजे दीड महिन्याची कमाई. त्यामुळे चूल पेटते, सावकाराचं दार टळतं. निती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात महाराष्ट्रातलं गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या १४.८० टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आलं. गॅस, वीज, शौचालय, बँक खातं यांवर झालेल्या सरकारी खर्चाचा त्यात वाटा आहे. सरकारचा पैसा नीट पोहोचला तर गरिबी हटते, हे यातून दिसतं.

पण आता खामगावातलं दुसरं घर पाहा. एक शिवणकाम करणारा, बायको वारलेली, दोन मुलगे, आई ६८ वर्षांची. कमाई तेवढीच, १२ हजार. कार्ड केशरी, नावावर शेती नाही. रेशनच्या प्राधान्य यादीची उत्पन्न मर्यादा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या वेळी ठरलेली: गावात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. त्यात तो बसत नाही. जुन्या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांचं चालतं, नवीन माणसाला दार बंद. लाडकी बहीणची वयोमर्यादा २१ ते ६५, आई त्याच्या पुढे गेलेली. श्रावणबाळ योजनेला वर्षाला २१ हजार उत्पन्नाची अट. म्हणजे हे घर महिन्याला तेवढेच ६६० रुपये भरतं आणि रोख परत मिळतं शून्य. कराआधी ते गरीब होतं, करानंतर आणखी गरीब झालं.

असं फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. नोरा लस्टिग या अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या कर आणि खर्चाचा असाच घरवार हिशेब केला आहे. इथिओपिया, टांझानिया, घाना अशा देशांत त्यांना असं आढळलं की खर्चावरचे कर आणि हाती पडणारी मदत यांची वजाबाकी केली की काही गरीब घरं आधीपेक्षा गरीब होतात. देशाची विषमता थोडी कमी झालेली दिसते आणि त्याच वेळी तळातल्या घराचा खिसा हलका होतो. ब्राझीलने २०२३ च्या करसुधारणेत म्हणूनच गरीब कुटुंबांनी भरलेल्या खरेदीवरच्या करातला काही भाग त्यांना परत द्यायची तरतूद केली. आपल्याकडे अशी तरतूद नाही. रेशन आणि योजना हाच आपला परतावा, आणि यादीत नाव नसेल तर तोही नाही.

आपल्या जिल्ह्याला याची आणखी एक बाजू आहे. अमरावती आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) विभाग व वर्धा मिळून १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी १५० रुपये, पुढे १७० रुपये बँकेत देण्याचं ठरलं. धान्याचा भाव वाढला तर पोत्यातलं धान्य कमी होत नाही, पण १७० रुपयांत येणारं धान्य कमी होतं.

आणखी एक अडचण यादीची. अन्नसुरक्षेत महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लोकांचा इष्टांक आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर ठरलेला. २०२१ ची जनगणना झाली नाही, आता ती २०२७ ची होत आहे. २०११ नंतर जन्मलेली, वेगळी झालेली, लग्न होऊन आलेली माणसं जुन्याच कोट्यात बसवायची. तहसील कार्यालयात "इष्टांक संपला" हे उत्तर मिळतं ते यामुळे.

हातात पैसा, पण शाळा-दवाखाना कुठे?

पहिल्या घराला वर्षाला १९ हजार उरले होते. आता समजा गावच्या शाळेत शिक्षक अपुरे आहेत म्हणून दोन मुलांना खासगी शाळेत घातलं आणि दोघांचे मिळून महिन्याला २,००० रुपये जाऊ लागले. वर्षाला २४ हजार. मिळालेले १९ हजार गेले, वर ५ हजार अंगावर. एखाद्या बाळंतपणाला किंवा डेंग्यूला खासगी दवाखान्यात जावं लागलं तर दोन-तीन वर्षांची योजना एका आठवड्यात संपते. सरकारने रोख दिलेला पैसा सरकारनेच न दिलेल्या सेवेवर खर्च होतो.

म्हणून रोख रक्कम आणि सेवा यांतला फरक समजून घेतला पाहिजे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी ३६ हजार कोटी ठेवले. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज होता. पैसा कमी पडला तेव्हा मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी या योजनेकडे वळवले गेले. म्हणजे गरिबाच्या वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा पैसा गरिबाच्याच दुसऱ्या खिशात. आपल्या बहिणींना मिळणारे १,५०० रुपये बंद व्हावेत असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण ते आपल्याच शेजारच्या दलित-आदिवासी मुलांच्या वाट्यातून यावेत, हे आम्हाला मान्य नाही.

आपल्या मुलांचंही तेच झालं. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाची तरतूद २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ५,०२०.५ कोटी होती. २०२३-२४ मध्ये ती ३,०९७.६ कोटी झाली, २०२५-२६ मध्ये ३,३५० कोटी. पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून थांबली, ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली गेली. सरकारचं म्हणणं, आठवीपर्यंतचं शिक्षण हक्काच्या कायद्याने मोफतच आहे. पण शाळेची फी माफ झाली म्हणून वह्या, बूट आणि रिक्षाचा खर्च माफ होत नाही. रक्कम मोठी नव्हती, तरी मुलगी शाळेत टिकायला तिचा आधार होता. संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही त्याच वर्षापासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. त्यात आपण शंभरात तेरा-चौदा. ही कपात किती घरांत जाणवली असेल, वाचकांनीच अंदाज करावा.

दुसरीकडे, खर्च मनावर घेतला तर काय होतं तेही आपल्यासमोर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत बुलढाणा आहे. हे पूर्ण ताकदीने उभं राहिलं, डॉक्टरांच्या जागा भरल्या, तर गरीब घराला त्याचा फायदा कुठल्याही रोख योजनेपेक्षा मोठा असेल, कारण आजारपणात घराची कमाई आणि बचत दोन्ही एकदम जातात.

कोणाच्या रस्त्यावर आधी पैसा?

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजा भागातून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. काम सुरू झाल्यापासून सात वर्षांच्या आत. त्याच जिल्ह्यात पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प १९९० च्या दशकापासून चालू आहे आणि अजून पूर्ण नाही. समृद्धीवर टोल भरणारी गाडी धावते. दुचाकी आणि तीनचाकीला तिथे मनाई आहे. सुरक्षेसाठी ती योग्यही असेल. पण लिटरमागे ३० रुपये कर भरून मोटारसायकल चालवणाऱ्या मजुराच्या आणि ऑटोवाल्याच्या वाट्याला तो रस्ता येत नाही. जिगावचं पाणी आलं असतं तर नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या शेतांना दुसरं पीक मिळालं असतं आणि मजुराला गावातच काम. मोठा रस्ता नको असं नाही. आमचा प्रश्न एवढाच, की श्रीमंताच्या कामाला जी घाई असते ती गरिबाच्या कामाला का नसते?

महाराष्ट्राने एकदा हे करून दाखवलं होतं

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या या योजनेसाठी पैसा कुठून आणायचा, तर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या आणि व्यावसायिकाच्या खिशातून थोडे पैसे आणि तेवढीच भर राज्य सरकारची. पुढे हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मुंबईच्या नोकरदाराने दिलेल्या करातून दुष्काळी गावात तळी, नाले, रस्ते झाले आणि मजुराला आठवड्याचा पगार मिळाला. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचं, ज्याला गरज आहे त्याला काम द्यायचं आणि मागे गावात काहीतरी उभं राहायचं. विषमता कमी करणारा कर आणि खर्च कसा असतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा करताना हाच अनुभव डोळ्यांसमोर होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० वरून १२५ झाले, हे स्वागतार्ह. पण आधी अकुशल मजुरीचा पूर्ण पैसा केंद्र द्यायचं, आता महाराष्ट्रासारख्या राज्याला एकूण खर्चाच्या ४० टक्के द्यावे लागणार. शिवाय पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद आहे. ज्या राज्याची महसुली तूटच ४५ हजार कोटींवर, ते राज्य हा वाटा वेळेवर देईल का? नाही दिला तर १२५ दिवस कागदावर राहतील आणि सोयाबीन निघालं की आपली पोरं पुण्या-सुरतेच्या गाड्या धरतील.

आता आपण काय करायचं?

पहिलं, घराचा हिशेब एकदा कागदावर मांडा. मुलांना बसवून करा, त्यांचं गणितही होईल. आपण कर भरतो हे कळलं की मान खाली घालून बोलायची सवय जाईल.

दुसरं, रेशन कार्डातल्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी झाली आहे का ते तपासा. दुकानात पावती मागा. नाव कापलं असेल तर तोंडी तक्रार करू नका, तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. काम हवं असेल तर ग्रामपंचायतीत लेखी मागणी करा आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं धरलं जातं.

तिसरं, मुलं नववी-दहावीत असतील तर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या आत भरा. शाळेचे मुख्याध्यापक, मशिदीची कमिटी, मोहल्ल्यातले शिकलेले तरुण यांनी दरवर्षी ठरवून एक दिवस यासाठी द्यावा.

चौथं, ग्रामसभेत जा आणि बायकांनाही सोबत न्या. पंचायतीला पैसा किती आला, कशावर गेला, हे विचारा. जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि पंतप्रधानांच्या १५ कलमी कार्यक्रमाचा आढावा जिल्हाधिकारी कार्यालयात होतो. आपल्या तालुक्याच्या वाट्याला काय आलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. हा प्रश्न एकट्याने विचारू नका. शेजारचा बौद्ध, मराठा, धनगर, बंजारा मजूर तेवढाच कर भरतो आणि त्याच रांगेत उभा असतो. त्याच्यासोबत विचाराल तर उत्तर लवकर मिळेल.

आणि पुढच्या वेळी टपरीवर कोणी म्हणालं, "टॅक्स आम्ही भरतो," तर भांडू नका. हातातल्या चहाकडे बोट दाखवा. त्यातल्या साखरेवर ५ टक्के, चहापत्तीवर ५ टक्के. तो कर तुम्ही दोघांनीही आत्ताच भरला आहे.